धुळवडीला वडे नव्हते

बाबा,

मघाशी सून मला म्हणाली, "आई, पाडव्याला सात माणसं जेवायला येणार आणि सातांचे सात नखरे. एकाला वांगं चालत नाही, एकीला खोबरं चालत नाही, पोरांना तिखट नको, आणि सगळं बाहेरून मागवायचं तर परवडत नाही. मी करू तरी काय?" ती कागद-पेन घेऊन जमिनीवर बसली होती. मी उठून आत आले, कारण मला एकदम तुम्ही दिसलात. बिरवाडीच्या त्या भाड्याच्या खोलीत भिंतीला टेकून बसलेले, बनियन घातलेले, डोळे अर्धे मिटलेले. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली. तुम्हाला पत्र असं मी कधी लिहिलंच नाही, कारण तुम्ही कधी लांब गेलाच नाहीत. कामावर जायचात आणि घरी यायचात.

तुम्ही महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये स्वयंपाकी होतात. आमच्या चाळीतल्या इतर बापांच्या कपड्यांना औषधांचा उग्र वास यायचा, तुमच्या कपड्यांना फोडणीचा यायचा. घरी मात्र तुम्ही चुलीला हात लावत नव्हतात. आई म्हणायची, दिवसभर तेच करून येतात, घरी आणि कशाला. मला वाटायचं, तुम्हाला लाज वाटते. कारण पोलादपूरच्या पुढे डोंगरात आपल्या गावच्या घरी तुमचा विषय निघाला की आजोबा म्हणायचे, "धाकटा? तो कंपनीत चूल फुकतो." मुंबईला गोदीत असलेले मोठे काका हसायचे. तुम्हीही हसायचात आणि पाण्याचा तांब्या उचलून बाहेर जायचात.

मी सातवीत होते त्या वर्षी शिमग्याची पाळी आपली होती. आजी गेल्यापासून धुळवडीचं जेवण एक वर्ष काकूनं आणि एक वर्ष आईनं करायचं ठरलेलं होतं. सामानही ज्याची पाळी त्यानंच आणायचं. होळीला आठ दिवस असताना आई नळावरून येताना घसरली आणि उजवा हात मनगटात मोडला. महाडला नेऊन प्लॅस्टर घातलं. परत येताना एसटीत ती रडत होती, हाताच्या दुखण्यानं नाही. "आता काकूला निरोप पाठवा," ती म्हणाली, "वर्षभर ऐकवतील, पण दुसरं काय." तुम्ही खिडकीतून बाहेर बघत म्हणालात, "मी करतो की."

"तुमच्या वडलांसमोर? बाप्यानं रांधलेलं ते जेवतील?"

"भूक लागंल ना त्यांना."

त्या संध्याकाळी तुम्ही मला वही काढायला लावलीत. "कोण काय खात नाय ते लिव." मला गंमत वाटली. मी भराभर लिहिलं, कारण आपल्या घरातली सगळी भांडणं ताटावरूनच सुरू होत. काकू मटण-मच्छी खात नाही आणि त्यातला डाव दुसऱ्या भांड्यात गेलेलाही तिला चालत नाही. काकांना मटण नसेल तर सण वाटत नाही. त्यांची मुलगी, माझ्याच वयाची, फक्त बटाटा खाते. आत्याला वाल चालत नाहीत, आणि आपल्याकडे तर शिमग्याला वालाचं बिरडं हवंच. आजोबांना काहीच आवडत नाही, ते ताट सरकवतात आणि दूध-भात मागतात. मी वही तुमच्यापुढे धरली. तुम्ही ती वाचलीत आणि परत दिलीत.

"का खात नाय?"

"नाही आवडत, म्हणून."

"बाय गो, काय खात नाय ते मला बी म्हायत हाय. का खात नाय ते इचार. त्याच्याबिगर मी काय रांधू?"

होळीच्या आदल्या दिवशी आपण गावी पोचलो. पिशवीत तुमची स्वतःची सुरी फडक्यात गुंडाळून आणलेली होती. आत्या आधीच आली होती, काकांची मंडळी दुसऱ्या दिवशी मुंबईहून आली. मी विचारत फिरले. आत्या पहिल्यांदा हसली, मग म्हणाली, लग्न झाल्यावर सासूनं तिला थंडीभर वाल सोलायला बसवलं होतं, बोटांची कातडी जायची, रात्री हात पाण्यात घालून बसायची. "तवापासून वाल बघितला की बोटं दुखतात गो." काकूला वासानं उलटी येते, लहानपणापासून. चुलतबहीण आधी मला टाळत राहिली. शेवटी म्हणाली, गावाला एकदा तिखट लागून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा सगळे हसले होते. त्यात मी पण होते. मी ते तुम्हाला सांगताना परत हसले, आणि तुम्ही फणस चिरता चिरता थांबलात. तुमचे हात तेलानं माखलेले होते.

"खानाऱ्याला हसायचं नाय," तुम्ही म्हणालात. "परत हसलीस तर माझ्यासमोर जेवायला बसायचं नाय."

तुम्ही मला आयुष्यात रागावलात ते बहुतेक तेवढंच. मी परसात जाऊन उभी राहिले.

आजोबांनी मला उत्तर दिलं नाही. "मला कायच आवडत नाय, जा." पण होळीपाशी सगळ्यांना भाजलेले शेंगदाणे वाटले तेव्हा त्यांनी मूठभर घेतले होते. धुळवडीच्या पहाटे, चुली मांडायच्या आधी, तुम्ही मला उठवून हळूच विचारलंत, "काल आजोबांनी दाणे खाल्ले?"

"घेतले. मग कोंबड्यांना टाकले."

"आनि पोळी?"

"पोळी दुधात बुडवून ठेवली, खूप वेळानं खाल्ली."

तुम्ही हातातली काटकी खाली ठेवलीत. मग म्हणालात, "दाढा गेल्यात त्यांच्या. पुढचे चार दात ऱ्हायलेत तेवढे दिसतात. हे कुनाला सांगायचं नाय. तुझ्या आईला बी नाय." आणि तेव्हा मला आजोबांची सगळी ताटं आठवली, सरकवलेली. भाकरी कडक, मटण चामडं, वडे जळके, दर वेळी कुणातरी बाईच्या हातात दोष. त्यांना कशालाच चव लागत नाही असं आम्ही धरून चाललो होतो.

मग तुम्ही मागच्या पडवीत तीन दगडांच्या दोन चुली मांडल्यात, आतली तिसरी. काकूची चूल वेगळी, तिचा डाव वेगळा, त्याच्या दांड्याला तुम्ही लाल दोरा बांधलात, म्हणजे घाईत कुणी चुकायला नको. वाल तुम्ही आदल्या दिवशीच सोलून ठेवले होतेत. आत्या उठून आली ती परातीतले पांढरे सोललेले दाणे बघून तिथंच बसली. "तू सोललेस? एवढे?" तुम्ही म्हणालात, "आमच्याकडं रोजचंच हाय." ती त्या परातीत नुसता हात फिरवत राहिली.

बाबा, मी तुम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा काम करताना पाहिलं. मला ते अजून नीट सांगता येत नाही. घरी सावकाश, थकलेले असणारे तुम्ही, आणि तिथं तीन चुलींमध्ये फिरणारा तो माणूस, एकीचा जाळ मागं ओढणारा, दुसरीकडे न बघताच झाकण उचलणारा, नुसत्या वासावरून "आता मीठ" म्हणणारा. आपल्याकडे मटणाला पैसे नव्हते. परसातला एक कोंबडा होता, आणि माणसं अकरा. तुम्ही कांदा-खोबऱ्याचं एकच वाटण भाजून घेतलंत आणि त्यातून सगळा सण काढलात. कोवळा फणस काकूच्या चुलीवर, तेच वाटण घालून, असा की त्याचा तुकडा हातात घेतला तर तंतू सुटावेत. तिखट पडायच्या आधी एक वाटी भाजी काढून ठेवलीत, त्यातले फणसाचे तुकडे बटाट्याच्या फोडींएवढेच कापलेले. कोंबडा पहाटेपासून मंद जाळावर ठेवलात, मग हाडं काढून टाकलीत आणि रश्शात नुसतं मांस सोडलंत, म्हणजे प्रत्येकाच्या वाटीत काहीतरी येईल. बिरडं इतकं मऊ की डावानं दाबलं तर पसरावं. प्रत्येक वेळी भांड्यावरून हात काढताना तुम्ही पुटपुटत होता, "हे आत्याचं. हे पोरीचं. हे दादाचं." जणू ती माणसं तिथं टोपातच बसली होती. मी फुंकणी हातात धरून उभी होते, देवळातसुद्धा कधी उभी राहिले नव्हते तशी. 

आणि वडे केले नाहीत. रश्शाबरोबर वडे असणारच, हे घरातल्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक होतं. तुम्ही तांदळाच्या पिठात नारळाचं दूध घालून घावनं काढलीत. मऊ, जाळीदार, एकावर एक.

ऊन कलायला लागल्यावर पंगत बसली. आई प्लॅस्टरचा हात पदराखाली घेऊन दारात उभी होती, तिचा चेहरा मी विसरणार नाही. आजोबा भिंतीकडे तोंड करून बसले. "मला दूध-भात वाढा," ते म्हणाले. तुम्ही "हां" म्हणालात, पण आधी ताटात एक घावन ठेवलंत, त्यावर रस्सा ओतलात आणि पुढे गेलात. त्यांच्याजवळ थांबला नाहीत, बघितलंही नाहीत.

काकांनी पहिला घास घेतला आणि मान वर केली. "वडे नायत?"

"तेल कमी पडलं, दादा."

"आनि हाडं कुटं गेली? नळीबिळी?"

"जरा जास्त शिजला कोंबडा. माझीच चूक."

काका हसले. "अरे, कंपनीत शंभर मानसांचं करतोस ना तू? घरच्या अकरांचं जमत नाय?"

मला उभ्या उभ्या रडू आलं. जास्त शिजवलं, हे वाक्य स्वयंपाक्यानं भरल्या पंगतीत स्वतःच्या तोंडानं म्हणायचं! त्या घावनांना आणि त्या सुटलेल्या मांसाला कारण होतं आणि ते फक्त आपल्या दोघांना माहीत होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी काकांच्या वाटीत रस्सा वाढला.

पंगत चालू राहिली. आत्यानं बिरडं दुसऱ्यांदा मागितलं. चुलतबहीण काढून ठेवलेली भाजी खात होती, बटाटा की फणस हे न बघता. काकूनं दोरा बांधलेला डाव दोनदा निरखला आणि मग आमच्या पाळीच्या वर्षी पहिल्यांदाच पोटभर जेवली. आजोबांकडे कुणी बघत नव्हतं, मी बघत होते. पहिलं घावन संपलं. त्यांनी ताट पुढे केलं, सरकवलं नाही, पुढे केलं. दुसरं. तिसरं. ते घाईनं जेवत होते, कितीतरी दिवसांचं उपाशी माणूस जेवतं तसे, आणि दूध-भाताचं त्यांनी नाव काढलं नाही. चौथ्याला म्हणाले, "रस्सा घाल वाईच."

जेवणं झाल्यावर तुम्ही पडवीत भांड्यांची राख झाडत होता. आजोबा काठी टेकत तिथं आले आणि चौकटीला धरून उभे राहिले. मी टोप घासत होते, त्यांना मी असून नसल्यासारखी.

"कंपनीत किती मानसं जेवतात तुझ्या हातची?"

"दीड-दोनशे."

"रोज?"

"रोज. तिन्ही पाळ्या धरून."

त्यांनी काठीनं एक निखारा चुलीत लोटला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुला कवा कळलं?"

तुम्ही वर बघितलंत. "काय?"

आजोबांचे ओठ हलले. तुम्ही नुसते बघत होता, इतके कोरे, इतके साधे, की क्षणभर मलाही वाटलं तुम्हाला खरंच ठाऊक नाही.

"काय नाय," आजोबा म्हणाले. जाता जाता वळले. "उद्या बी घावनंच कर."

त्यानंतर ते तुम्हाला चूल फुकणारा म्हणाले नाहीत. काका म्हणत राहिले, पुढच्या शिमग्याला त्यांनी तेलाचा डबा आणून तुमच्यासमोर ठेवला, सगळ्यांदेखत. तुम्ही तो घेतलात आणि आभार मानलेत. आजोबा जाईपर्यंत, आणि ते गेल्यावरही, तुम्ही खरं काय ते कुणाला सांगितलं नाहीत. मी आईला सांगितलं, तुम्ही गेल्यावर. ती म्हणाली, "मला ठाऊक होतं. वड्यांचं पीठ मीच दळून आणलं होतं ना, ते तसंच परत आलं. तेलही." तुम्ही दोघं कधी यावर बोललाही नव्हतात.

आता मी परत बाहेर जाईन आणि सुनेला सांगेन की आधी फोन कर आणि प्रत्येकाला का ते विचार. ती म्हणेल, एवढा वेळ कुणाला आहे. मग मी तिच्या शेजारी बसेन. हे पत्र ट्रंकेत जाईल, तुमच्याकडे यायला त्याला रस्ता नाही. पण लिहिलंच आहे तर एक राहिलेलं सांगते. तुम्ही गेलात तेव्हा महाडच्या दवाखान्यात नोंद करायला मी गेले होते. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "वडलांचा व्यवसाय?" मागे रांगेत माझ्या ऑफिसातली दोघं उभी होती. मी म्हणाले, "कंपनीत होते." तो म्हणाला, "कंपनीत काय?" आणि मी, सगळं पाहिलेली मी, म्हणाले, "ऑपरेटर." त्यानं तसंच लिहिलं. ते अजून तसंच आहे.