पोहण्याचा संघ बंद झाला

प्रिय डोरीन,

आपली नात टेसा सुखरूप आहे, वसतिगृहात खोलीही हवेशीर मिळाली. तुझा गुडघा कसा आहे?

एक सांगायचं राहिलं. विद्यार्थ्यांचे प्रवेश घटले म्हणून विद्यापीठाने पोहण्याचा संघच बंद केला. इथे आल्यावर कळलं. पहिल्या स्पर्धेला भाजायचे म्हणून आणलेले सॉसेज मी पार्किंगमध्येच शेगडीवर टाकले. संघातल्या मुली रडत रडत खात होत्या. "आजोबा, तुम्ही तरी बंद पडू नका," एक म्हणाली.

मग टेसाने विचारलं, "आजोबा, इथे राहू की घरी येऊ?" ती पोहायलाच आली होती ना गं? मी नुसते उरलेले सॉसेज उलटत राहिलो, सगळे करपले.

फोनवर मला रडू फुटेल, म्हणून लिहितोय. पत्र मिळताच तूच तिला काहीतरी सांग.

काळजीत बुडालेला तुझा,
ऑर्विल