गळ्याजवळचा एक टाका

ता. नऊ, गुरुवार

धाकटे,

देवापुढं बसून उठले आणि लिहायला घेतलं. तुम्ही सगळे बरे असाल असं धरून चालते. इकडे ठीक. ह्यांचे गुडघे कुरकुरतात, पण तोंड धडधाकट आहे. पत्ता तुझ्या जुन्या पार्सलच्या कापडावरून घेतलाय, घर बदललं नसशील तर मिळेल. कागद पाठकोरा आहे, हसू नकोस.

लेक नोकरीसाठी परगावी गेली. जाताना तिचा जुना फोन मला दिला आणि आपली माणसं शोधायची, फोटो टाकायचे, ते सगळं त्यात चालू करून दिलं. म्हणाली, "आई, एकटी बसू नकोस, चारचौघींत मिसळ."

मी विचारलं, "खर्च?"

"फुकट आहे गं."

मग मिसळले.

पहिल्या दिवशी तुझंच नाव घातलं. त्या नावाच्या साठेक बायका निघाल्या. एकीचं नाक तुझ्यासारखं होतं, पण ती कुठल्याशा बँकेची साहेबीण निघाली. तू काही सापडली नाहीस. मग विणकामाचा एक गट दिसला, त्यात शिरले. दोनशे बायका, कोण कुठली ठाऊक नाही, पण एकमेकींना शिकवतात. एकीनं नमुना द्यायचा, बाकीच्यांनी विणायचा, अडलं की विचारायचं. कुणी अंगठा दाखवला की आधी मला रागच यायचा. नंतर कळलं, तिथं ते कौतुक असतं. मोज्याची टाच मला जन्मात जमली नव्हती, ती एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तीन दिवसांत शिकवली. मी हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर सगळं उतरवून घेत होते. हे म्हणाले, "दहावीला एवढा अभ्यास केला असतास तर?" मी म्हटलं, "दहावीला इतक्या चांगल्या बाई कुठं होत्या?"

तिथं सगळ्या मला ताई म्हणायला लागल्या. फार बरं वाटायचं गं.

मग नमुना द्यायची पाळी माझ्यावर आली. दोन दिवस टाळलं. माझं विणणं तुला माहीत आहे, सरळ मफलरच्या पुढं गाडी जात नाही. तिसऱ्या दिवशी कपाट उघडलं आणि डांबराच्या गोळ्यांतून तो पिवळा स्वेटर काढला. पानापानांचा. कुठला ते तुला सांगायला नको.

फोटो टाकला. खाली काय लिहिलं ते

इथं उठले होते. भाजी निवडून आले. लिहिलं होतं, 'स्वतः बसवलेला नमुना.'

टाचणीनं तुझे टाके मोजून मोजून ओळी लिहून काढल्या. चाळीसजणींनी सुया हातात घेतल्या. रोज सकाळी जप अर्धा टाकून मी फोन बघायची. हे म्हणाले, "तुझा देव हल्ली फोनात राहायला गेला वाटतं."

मग एक बाई आली. चेहऱ्याच्या जागी पांढरं फूल. तिनं विचारलं, 'मॅडम, गळ्याजवळच्या शेवटच्या पानात एक टाका जास्त दिसतो. मुद्दाम आहे का?'

मी पुन्हा मोजलं. खरंच जास्त होता. मी लिहिलं, 'तो चुकून पडलाय. तुम्ही सगळ्यांनी सोडून द्या.'

दहाबारा अंगठे आले. बायकांनी टाका सोडूनही दिला. दुसऱ्या दिवशी त्या फुलानं लिहिलं, 'चुकून नाही, मॅडम. तो नसला तर गळा पुरेसा ताणला जात नाही. अंगात घालताना बाळाचा कान दुमडतो आणि बाळ रडतं.'

फोन हातात धरून मी ओट्याशी उभी राहिले. दूध उतू गेलं, कळलं नाही.

माझ्या बाळंतपणात तू महिनाभर येऊन राहिली होतीस. विकतच्या स्वेटरनं पोरीचा कान लाल झाला होता, तेव्हा तू तिला मांडीवर घेऊन पुटपुटली होतीस, "थांब गं, मावशी तुझ्या कानाला जागा ठेवते." खोलीत तेव्हा आपण दोघी आणि ती. आणखी कुणाला कसं माहीत असणार?

आता ते दुसरंही लिहून टाकते. बावीस वर्षं त्याच्या अलीकडूनच परत फिरतेय. बाळाला बघायला घर भरलं होतं. सासूबाईंनी तो स्वेटर हातात घेऊन सगळ्यांपुढं विचारलं, "कुणी गं विणला?" मी म्हटलं, "मीच." तू कोपऱ्यात दुपट्यांच्या घड्या घालत होतीस. तू वर बघितलंस, सगळ्या घड्या पुऱ्या केल्यास आणि संध्याकाळच्या गाडीनं गेलीस. आईला मी सांगितलं, तिला करमेना म्हणून गेली. त्या घरात माझं कौतुक तोवर कशाबद्दलही झालं नव्हतं. हे कारण आहे, सबब म्हणून लिहीत नाही.

काल गटात लिहिलं की स्वेटर माझ्या धाकट्या बहिणीचा आहे, नमुना तिनं बसवला, तो टाका मुद्दाम आहे आणि ज्यांनी सोडला त्यांनी उसवून पुन्हा घ्यावा. अंगठा एकही आला नाही. एकीनं विचारलं, 'मग इतके दिवस का नाही बोललात?' डॉक्टरीणबाईंनी निमूट उसवलेल्या लोकरीचा फोटो टाकला. पांढरं फूल मात्र यादीत दिसत नाही. खालीवर शोधलं. फोनवर लिहिलेलं पुसून टाकता येतं, कागदावर खोडलं तरी दिसतं, म्हणून हे पत्र.

चाळीसजणी खांद्यापाशी अडल्यात. तिथली पानं दोन्ही बाजूंनी एकमेकांत कशी मिळवलीस ते मला टाचणीनंही उलगडत नाही. मी त्यांना सांगितलंय, मला येत नाही, जिला येतं तिला विचारते. तू गटात परत आलीस तर तुझ्या नावानं ये. मी मागं बसून वहीत उतरवून घेईन. नाही आलीस तरी त्यांना खरं तेच सांगेन.

स्वेटर सोबत पाठवतेय. कान जिचा होता तिला विचारूनच. ती म्हणाली, "मावशीकडेच जाऊ दे."

तू मला मॅडम लिहिलंस, ते बरोबर होतं. दोनशे बायका ताई म्हणतात, पण इथं खाली तो शब्द लिहायला हात धजत नाही. तू लिहिलास तरच. तोवर नुसती

मी