एकच की ते

मिरजगाव, मंगळवार

प्रिय सृष्टी,

घरी सगळे बरे आहेत, आधी तेवढं वाच. शेवटचा पेपर झाल्याशिवाय हे पाकीट तुला द्यायचं नाही, असं तुझ्या रूमवरच्या पूजाला मी बजावलंय. आई म्हणते, आल्यावर समोरासमोर सांगा. मला ते जमणार नाही.

यंदा लिंबं बरी निघाली. दुकानात बियाण्याला गर्दी आहे, पण माझं लक्ष लागत नाही.

जानेवारीत पुण्याला निघायच्या दिवशी जेवताना तू म्हणालीस, "पप्पा, मी आणि समर्थनं ब्रेक घेतलाय. परीक्षा होईपर्यंत बोलायचं नाही." मला एवढंच कळलं, की पोरीनं ते प्रकरण संपवलं. खोटं कशाला सांगू, हायसं वाटलं. पोरगा वाईट नव्हता, पण आपल्यातला नव्हता. भावकीला काय सांगायचं, याची मला दोन वर्षं धास्ती होती.

मार्चमध्ये समर्थ दुकानात आला. सुप्याहून मोटारसायकलवर, कंपनीत रजा टाकून. म्हणाला, "काका, सृष्टी बरी आहे ना? फोन करायचा नाही असं ठरलंय, म्हणून तुम्हाला विचारतो." मी म्हणालो, "आता कशाला विचारतो? तिनं ब्रेकअप केलाय. मला सोताच्या तोंडानं सांगून गेली."  तो हळूच म्हणाला, "काका, ब्रेक म्हणाली का ब्रेकअप?" मी म्हणालो, "एकच की ते." त्यानं मी दिलेला पाण्याचा ग्लास तसाच काउंटरवर ठेवला आणि गेला.

महिनाभरानं शेजारच्या ज्योतीपुढं हा विषय निघाला. ती हसली. "अवो काका, ब्रेक म्हंजी थोडे दिवस थांबायचं. ब्रेकअप म्हंजी तुटलं. लई फरक हाय." समर्थचा नंबर माझ्याकडे होता. त्याच दिवशी फोन करायचा, तर मी केला नाही. उद्या करू, परवा करू म्हणत दोन महिने गेले. ज्योतीनं सांगेपर्यंतचा माझा अडाणीपणा होता, बाळा. त्यापुढचं मी कळून केलं.

तुझा फोन परीक्षेपुरता बंद, म्हणून रविवारी पूजाच्या फोनवरून तू आईला कळवलंस, की शनिवारी येताना आधी सुप्याला उतरणार, समर्थला भेटून मग घरी येणार. ते ऐकून काल मी सुप्याला गेलो. शिफ्ट सुटेपर्यंत गेटबाहेर उभा राहिलो. त्याला सगळं सांगितलं, हात जोडले. तो रागावला नाही. त्यानंच माझे हात खाली केले. म्हणाला, "काका, मागच्या आठवड्यात माझा साखरपुडा झाला. आता त्या मुलीला काय सांगू?" मी परतीची गाडी धरली. शनिवारी सुप्याला उतरू नकोस. सरळ घरी ये. मी स्टँडवर थांबतो. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल.

तुझाच,
पप्पा