थराखालचं बोट

बुध. १ ऑक्टो., खंडेनवमी
कोटिंग रूममध्ये पूजा. माझ्या नियमात कुंकू बसत नाही. इंगळेंना म्हटलं, दाराबाहेरूनच करा. "बाहेरून कसं मॅडम? देव काय पार्सल घेते का?" अकोल्याचे आहेत, वीस वर्षं पुण्यात मशीन चालवतायत, बोली काही बदलली नाही. शेवटी आतच. ट्रेचंही झाकण काढलं, जॉबलाही, म्हणजे आतल्या दांड्यांनाही, फूल दाखवायचं म्हणून. पहिलं कुंकू क्वालिटीच्या मॅडमचं, म्हणजे माझं. पेढे बरे होते.

शुक्र. ३
दसऱ्याची सुट्टी संपली. ट्रेमधल्या अठरा दांड्यांवर (कृत्रिम खुब्याच्या) थर मारला. झकास, एकसारखा पांढरा.
रात्री जेवताना बाबांनी परत विचारलं, नक्की करता काय तुम्ही? सांगितलं, शरीर धातूला परका समजतं. वर हाडातल्याच क्षाराचा थर दिला की हाड त्याला धरून वाढतं. "म्हणजे जावयाला घरच्या पद्धती शिकवायच्या." चाळीस वर्षं गणित शिकवलं या माणसाने!
पण थर टिकायला खालचा धातू कोरा लागतो. तेलकट बोट लागलं की थर सुटू शकतो. आत, माणसाच्या आत.

सोम. ६
इंगळेंनी उघड्या हाताने पुढच्या बॅचची एक दांडी उचलून दाखवली, ओरखडा आहे म्हणून. मी पेटलेच. सगळ्यांसमोर. "भिंतीवरची पाटी शोभेला लावली आहे का? ग्लोव्हज काय लग्नात घालायचे?" त्यांनी ग्लोव्हज चढवले. दुपारी सगळे डबा खायला गेल्यावर हळूच म्हणाले, "मॅडम, खंडेनवमीले तुमीच तं एक सरळ केली होती. कुंकवाच्या हातानं."
केली होती. तिरकी दिसली, केली सरळ. घरात फोटो सरळ करते तशी. अगदी आठवतंय.
"कोनाले सांगत नाही मी," म्हणाले. जेवण गेलं नाही.

मंगळ. ७
कुठली दांडी? आठवत नाही. कडेची? मधली? थर सुटतो का ते ओढून बघायचं तर दांडी वाया जाते, आणि अठराही ओढल्या तर पाठवायचं काय. सोबत ठेवलेला नमुन्याचा तुकडा पास झाला. होणारच. तो शुक्रवारी पाकिटातून काढला, कोरा करकरीत.
नंतर धुतल्या होत्या का? नोंद बघितली. नाहीत. धुवायच्या आधीच झाकण काढलं होतं, असं लिहिलं तर... नको.
वरणात मीठ दोनदा पडलं. बाबा म्हणाले, "लक्ष कुठंय?" मी खेकसले त्यांच्यावर. काय दोष त्यांचा.

बुध. ८
बॅचच्या कागदावर सही केली नाही. "कागद अपुरे आहेत" असं आमच्या मोठ्या सरांना सांगितलं. खोटं. कागदांइतकं पुरं आमच्याकडे काहीच नसतं.
हडपसरहून येताना बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येकाची चाल बघत होते. एक बाई दांडा धरून एकेक पायरी चढत होत्या. कंडक्टर म्हणाला, "मावशी, निवांत या." मला उगाच रडू आलं. बसमध्ये! लाज वाटली.
ऑपरेटर साळुंख्यांना गेल्या वर्षी याच कारणासाठी घरी बसवलं. उघडा हात. माझ्या सहीने. तेव्हा त्या रात्री मस्त झोप लागली होती मला.

गुरु. ९
सांगितलं सरांना. "तुम्ही?" असं तीनदा विचारलं. मग म्हणाले, बॅच रद्द. अठराच्या अठरा. एवढं सरळ होईल वाटलं नव्हतं. सुटले, असं वाटलं. पाच मिनिटं.
मग म्हणाले, कारणाच्या कागदावर इंगळेंचं नाव घालू. क्वालिटीच्याच मॅडम जॉबला हात लावतात म्हटल्यावर गिऱ्हाईक मागच्या सगळ्या बॅचेस उकरणार.
"पण नियम घरी बसवण्याचा आहे, सर."
"तो तुम्हीच केलाय. बघा काय करता येतंय."
नाही म्हटलं मी. नक्की म्हटलं ना? की नुसती मान हलवली? आता आठवत नाही, आणि हेच फार वाईट आहे.

शुक्र. १०
सकाळी टेबलावर कागद तयार. 'ऑपरेटरने उघड्या हाताने जॉब हाताळला.' खाली इंगळेंची सही. मराठीत, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.
धावत मशीनशॉपमध्ये गेले. "अहो, हे काय केलंत? कोणी सांगितलं तुम्हाला?"
मशीन पुसत होते. थांबले नाहीत. "माझं नाव गेलं तं मी एकटा जातो मॅडम. तुमचं गेलं तं सगळेच जाऊ."
"हात माझा होता, इंगळे!"
"ट्रेचं झाकण मी काढलं होतं."
असं कसं बोलतो हा माणूस. राग आला, खूप आला, आणि आत कुठेतरी बरं वाटलं. ते बरं वाटलेलं इथे लिहून ठेवते. तेवढं तरी खरं लिहावं.
सरांना कागद बाराच्या आत हवाय. आता अकरा चाळीस. इंगळेंच्या नावाखाली 'तपासले व खरे आढळले', आणि त्यापुढे माझ्या सहीची जागा. कोरा फॉर्मही ड्रॉवरमध्ये आहे. काढलाय. दोन्ही समोर ठेवलेत. फोन वाजतोय, सरांचाच