आपल्या गावाला ठिपका नाही

३ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तू काढलेला जगाच्या लोकसंख्येचा नकाशा पोचला. शिलाई मशीनसमोरच्या भिंतीवर लावलाय. काही देशांत तर डब्यातली मोहरी सांडावी तसे ठिपके. आणि तू नकाशे काढायच्या नोकरीला निघालीस तो देश? चष्मा पुसून दोनदा पाहिला. एवढा ऐसपैस, आणि ठिपके काठाकाठाने चारदोन. तू जाणार त्या गावावर तर एकही नाही. जिथे चिटपाखरू नाही तिथे नकाशे विकत घेणार कोण, बाई? मला हे पटत नाही. माझ्या मनाविरुद्ध होकार कळवणार नाहीस असं तू कबूल केलंयस, विसरू नकोस.

उत्तर लवकर दे. जीव टांगणीला लागलाय.
तुझी मावशी

१२ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

अगं, एक ठिपका म्हणजे दहा लाख माणसं. लहान गावांना वेगळा ठिपका मिळत नाही. आसपासची वस्ती गोळा करून दहा लाख भरले, की मध्ये कुठेतरी एक टेकवायचा. त्या गावात शाळा आहे, दवाखाना आहे, भांडायला शेजारीणही मिळेल. आता आपलं गाव शोध बरं. मी स्वतःच तिथे ठिपका दिलेला नाही, आणि तू तर चांगली ठणठणीत आहेस.

त्यांना महिनाअखेर उत्तर हवंय. जायची मला फार इच्छा आहे, पण तुझ्या मनात नेमकं काय आहे ते लिही.
तुझीच,
ठकू

२० मार्च

चि. ठकूस,
आशीर्वाद.

शोधलं, खरंच नाही. शेजारणीला दाखवलं तर म्हणाली, बरं झालं, पाहुण्यांनाही सापडणार नाही. खूप हसलो. ती गेल्यावर मशीनवर बसले, पण हात चालेना.

खरं सांगते. तिकडे माणसं कमी, ही काळजी नव्हतीच. तुझी आई गेल्यापासून आपण दोघीच. आता सुट्टीला तरी येतेस. तिकडे गेलीस की इथे मी एकटी, आणि मला त्याची भीती वाटते. सांगायची लाज वाटली, म्हणून तुझ्या नकाशाला नावं ठेवली. माझ्यापायी अडकू नकोस. होकार कळव.

मावशीवर माया ठेव.

२८ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

होकार कळवला. तिकडे माणसांची वानवा, त्यामुळे येणाऱ्याने घरचं माणूस आणलं तर त्यांना हवंच असतं. बरोबर कोण, असं त्यांनी विचारलं. मी तुझं नाव देऊन टाकलं. कपडे शिवतेस म्हटल्यावर तर माझ्यापेक्षा तुझीच चौकशी जास्त झाली.

तुला न विचारता केलं, तेव्हा रागावशीलच. प्रवास लांबचा आहे, वाटेत सावकाश रागव.

लोभ आहेच, तोही सामानात घे.
तुझी ठकू