श्वास भरून घेतलेलं माप

आई,

तुला पत्र लिहायला बसलो की अजूनही आधी समोरच्या मास्तरीणबाई आठवतात. मुंबईहून मी पाठवलेलं प्रत्येक पत्र त्या तुला मोठ्यानं वाचून दाखवायच्या, कारण माझं अक्षर तुला लागायचं नाही. त्या वाचणार म्हणजे गल्ली ऐकणार, म्हणून मी निम्मं गाळायचो आणि उरलेलं थोडं रंगवायचो. आता तू जाऊन बत्तीस वर्षं झाली, बाईही गेल्या. हे पत्र काही पोस्टात पडणार नाही, तेव्हा मधे वाचणारंही कुणी नाही. आज पहिल्यांदा काही न गाळता लिहितो.

काल नाशकात माझा सत्कार झाला. खरोखरचा, फेटा, शाल आणि श्रीफळासकट. रविवार कारंजापासून पुढं जागोजाग फलक लागलेत, ‘नाशिकचे सुपुत्र, ज्येष्ठ जॅझ सॅक्सोफोनवादक’. छापणाऱ्यानं माझा फोटो आरशातल्यासारखा उलटा छापलाय, त्यामुळे कोटाची बटणं बायकांच्या बाजूला आली आहेत. चार दिवस झाले, एकाच्याही लक्षात आलेलं नाही. तू असतीस तर भर रस्त्यात कुणाला तरी शिडी आणायला लावली असतीस. मी त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, भाचीच्या स्कूटरवर मागं बसून तीनदा ते फलक बघून आलो. दोनदा चूक बघायला, एकदा नुसता हौसेनं.

फलकावर नसलेली गोष्ट ही, की मी सॅक्सोफोन पहिल्यांदा पाहिला तो आपल्या स्वैपाकघरात. भद्रकालीतल्या त्या दोन खोल्यांत उजेड फक्त तिथंच यायचा, म्हणून तुझं शिलाई मशीन चुलीपासून चार हातांवर. लग्नसराईच्या आधी गल्लीच्या टोकावरच्या बँडचे सगळे कोट तुझ्याकडे शिवायला यायचे, लाल कापड, सोनेरी फीत. आणि माप द्यायला येताना प्रत्येकानं आपलं वाद्य घेऊनच यायचं, हा तुझा हुकूम. मला ते आत्ता दिसतंय. ट्रम्पेटवाला अवघडून उभा आहे, डोकं फळीवरच्या डब्यांना लागतंय, आणि तू गळ्यात टेप टाकून त्याला म्हणतेयस, “भाऊ, वाजवा.”

“इथं? स्वैपाकघरात?”

“मग कुठं? नवरदेवाच्या दारात बटण तुटल्यावर मला बोलावणार का? छाती भरा. अजून भरा. हां, आता थांबा तसेच.”

तो गाल फुगवून लालबुंद होऊन थांबायचा आणि तू त्या भरल्या छातीवरून टेप फिरवायचीस. शिवाय आतून शिवणीत दोन बोटं जादा कापडाची माया सोडायचीस. रिकाम्या छातीवर घेतलेल्या मापाचा कोट उभं राहायला चांगला, वाजवायला नाही, असं तुझं म्हणणं. जगात इतका हिंडलो, पण वाजवणाऱ्याचं माप असं घेणारा शिंपी मला दुसरा भेटला नाही.

त्या बँडमधले देवळालीचे काका तुला आठवतात ना? मिलिटरीच्या बँडमधून रिटायर झालेले, मिशा पांढऱ्या, बूट मात्र आरशासारखे. तू “वाजवा” म्हणालीस आणि त्यांनी सॅक्सोफोनवर लग्नातली चाल न वाजवता काहीतरी वेगळंच वाजवलं. हळू, तिरकं, मधेच थांबून पुन्हा हसल्यासारखं. मी भाजी निवडत होतो. हातातली मेथी तशीच राहिली.

“हे कुठल्या पिक्चरचं?” तू विचारलंस.

“पिक्चरचं नाही, वहिनी. जॅझ आहे. साहेब लोकांच्या मेसमध्ये वाजवायचो. यात पुढं काय येणार ते वाजवणाऱ्यालाही आधी मालूम नसतं.”

“मग बरंय बाई. आम्हाला तसं शिवून चालत नाही,” असं म्हणून तू माप घेतलंस. पण तू माझ्याकडे पाहिलं होतंस. दुसऱ्या दिवशी काका कोट घालून बघायला आले, तेव्हा तू त्यांना सांगितलंस, “याला शिकवा. कालपासून जेवणात लक्ष नाही त्याचं.” अण्णा येवल्याच्या गाडीवरची ड्यूटी संपवून आले आणि ऐकून भडकले. “आपल्यात कधी कुणी वाजवलंय का?” तू मशीन न थांबवता म्हणालीस, “आपल्यात एसटीत कंडक्टर तरी कधी कुणी होतं?” अण्णा हसले. त्यांचा राग तुझ्यापुढं कधी जेवणापर्यंत टिकला नाही.

काकांनी सांगितलं होतं, सहा महिने गाणं नाही, एकच सूर लांब धरायचा. शेजारी ओरडायचे म्हणून मी दार लावून तुझ्याजवळच बसायचो. तू नियम केलास, तव्यावर भाकरी पडली की सुरुवात, उलटली की श्वास घ्यायचा. मी डोळे फाडून भाकरीकडे बघत बसतो, छातीत आग पडते, आणि तू शांतपणे पाणी फिरवतेस, जाळ मागं ओढतेस. तू मुद्दाम जाड भाकऱ्या थापायचीस असा माझा अजून संशय आहे. काल एका पत्रकार मुलीनं विचारलं, “सर, तुमच्या लांब श्वासाचं रहस्य काय? प्राणायाम?” मी म्हटलं, “बाजरी.” तिनं ते लिहून घेतलं.

एकोणिसाव्या वर्षी मी त्याच बँडमध्ये लाल कोट घालून उभा राहिलो. आणि तू मला रागावलीस ती गोष्ट त्याच उन्हाळ्यातली. वरात आपल्याच गल्लीतून चालली होती. तू उंबऱ्यात येऊन उभी राहिलीस, बाहीला टाचण्या टोचलेल्या. तुला पाहून मला चेव आला. नाचायची चाल चालू असताना मी मधेच सुटलो, काकांकडून शिकलेलं सगळं एकदम बाहेर काढलं. ढोलवाल्याला सम सापडेना, ट्रम्पेट थांबला. नवरदेवाची आत्या, चांगली पदर खोचून नाचत होती बिचारी, ती हात वर तसेच धरून माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं होतं तू खूश होशील. दुपारी घरी आलो तर तू ताट वाढलंस आणि समोर बसलीस.

“लग्न कुणाचं होतं रे?”

“त्या सराफांच्या मुलाचं.”

“मला वाटलं तुझंच होतं.”

एवढंच. पुढं कोशिंबीर वाढलीस. संध्याकाळी काकांना सांगितलं तर ते पोट धरून हसले आणि म्हणाले, “वहिनीला बोल, मिलिटरीत आमच्या बँडमास्टरला हेच सांगायला पंधरा मिनिटं लागायची.” नंतर माझ्या खांद्यावर हात टाकून त्यांनी मला मुंबईतल्या एका हॉटेलच्या बँडचा पत्ता दिला. “तुझं वाजवणं वरातीत नाही मावणार आता. जा. पण जाताना त्या आत्याबाईंची माफी माग.” मी खरंच गेलो होतो. त्यांनी मला चिवडा दिला.

मुंबईला जाताना तू मला गडद निळा कोट शिवून दिलास. माप घ्यायला मला पूर्ण गाणं वाजवायला लावलंस आणि शेवटचा सूर मी सोडेपर्यंत टेप काढली नाहीस. आता ऐक. हॉटेलनं पहिल्याच दिवशी आपला पांढरा सूट अंगावर चढवला, सगळ्यांना एकसारखा. तुझा कोट मी तिथं एकदाही घातला नाही. पत्रात मात्र लिहिलं, ‘रोज कोणी ना कोणी विचारतं, शिंपी कोण?’ बाईंनी ते वाचलं आणि तू महिनाभर गल्लीत मिरवलंस म्हणे. पुढं स्वतःच्या नावावर कार्यक्रम करायला लागलो, तेव्हा तो कोट काढला आणि शिवणी फाटेपर्यंत वापरला. म्हणजे पत्र खोटं नव्हतं, थोडं लवकर लिहिलं होतं.

तू एकदाच मुंबईला ऐकायला आलीस. पहिल्या रांगेत, मांडीवर पिशवी घट्ट धरून. मी वरून बघत होतो, तुझा चेहरा हलत नव्हता. कार्यक्रम संपल्यावर विचारलं, कसं वाटलं, तर तू काळजीनं म्हणालीस, “सगळं चांगलं होतं. पण तो ढोलवाला मधे एकटाच वाजवत बसला होता, आणि तुम्ही सगळे त्याला टाकून बाजूला उभे. भांडण झालं का?” तो त्याचा सोलो होता, हे समजावायला मला अख्खा बसचा प्रवास लागला. तरी उतरताना तू म्हणालीसच, “एकानं तरी थांबायचं होतं त्याच्यापाशी.” माझा तेव्हाचा ड्रमर अजून हे प्रत्येकाला सांगतो.

आता कालचं. सभागृहाच्या दारात संयोजकांनी स्वागताला बँड बोलावला होता, आणि तो आपल्याच गल्लीतला निघाला. मालकाचा नातू आता चालवतो. पाया पडला आणि म्हणाला, “काका, आजोबा सांगायचे, तुम्ही आमच्यातलेच. एक वाजवाल का? प्लीज.” संयोजक पुढं आले, “अरे, सरांना आत जायचंय, पाहुणे थांबलेत.” मी तोवर सॅक्सोफोनची पेटी उघडली होती. फेटा बांधलेला, गळ्यात हार, आणि मी ढोलाशेजारी जाऊन उभा राहिलो. पोरांचे कोट हल्ली तयार येतात, छातीवर तटतटलेले. मी म्हटलं, “वरची दोन बटणं काढा रे सगळ्यांनी.” त्यांनी काढली आणि आवाज असा फुटला की रस्त्यावरच्या रिक्षा थांबल्या. मी मधेमधे वाकडा शिरत होतो, पोरं हसत माझ्यामागं येत होती, चाल कुठं सुटली नाही. आधी भाची नाचली, मग गजरे विकणाऱ्या दोघी, मग संयोजक, आणि शेवटी आतून पाहुणेसुद्धा बाहेर आले. कार्यक्रम पाऊण तास उशिरा सुरू झाला. कुणी तक्रार केली नाही.

आत भाषणं झाली. निवेदिकेनं सॅक्सोफोनला ‘पाश्चात्त्य सनई’ म्हटलं, ते मी सोडून दिलं. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी तुझ्याबद्दल बोललो, स्वैपाकघर, टेप, भाकरी, आत्याबाई, सगळं. लोक हसले, काही जणांनी डोळे पुसले. मी म्हटलं, आता पुढचं जे वाजवतो ते आईसाठी. दिवे मंद झाले. माझ्याबरोबर इथलीच तीन तरुण मुलं होती, पियानोवरची मुलगी तर जेमतेम बावीसची. अर्धा तास वाजवलं असेल. संपल्यावर सगळं सभागृह उभं होतं. एक बाई गर्दीतून वाट काढत पुढं आल्या, माझे दोन्ही हात धरले आणि रडत म्हणाल्या, “वाजवताना सारखी आईच डोळ्यांपुढं होती ना?”

मी मान हलवून हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आज सकाळी भाचीच्या गॅलरीत चहा घेत हे लिहितोय. मधे कुणी वाचणारं नाही, म्हणून तुला सांगतो. नव्हतीस तू. पहिल्या चार सुरांपर्यंत होतीस, मग त्या पोरीनं पियानोवर एक असली खोडी काढली की मी तिच्यामागं धावलो, ती पुढं पळाली, ड्रमवाला दोघांना आडवा आला, आणि त्यानंतर मला तू आठवली नाहीस, अण्णा नाहीत, काका नाहीत, माझं वय नाही, नाशिकसुद्धा नाही. आई, मला इतकी मजा आली.