तळ्याचे चार काठ

३ हेश्वान, सकाळ
ऐन शरदात नवी वही, नवा मी. गेनेंदल आली होती. तिचा नवरा गेल्या वसंतात तळ्यात बुडाला. दोघा साक्षीदारांनी बुडताना पाहिलं, पण प्रेत मिळालं नाही. आता एक विधुर तिच्याशी लग्नाला तयार आहे. कायदा सरळ आहे: एका जागी उभं राहून तळ्याचे चारही काठ दिसले, म्हणजे तो कुठूनही बाहेर पडता तर दिसलाच असता, तर ती दुसऱ्या लग्नाला मोकळी, नाहीतर जन्मभर अडकलेली. आठ दिवसांत निकाल देतो म्हणालो. गावातल्या ज्यूंचा धर्मगुरू, रब्बी, झाल्यापासून पहिलीच मोठी केस. थेट विल्ना शहरातल्या पंडितांपर्यंत नाव होणार!

१४ हेश्वान
मूळ वचन दोन ओळींचं. त्यावर भाष्य. भाष्यावर भाष्य. पाचशे वर्षांनी कुणीतरी ते सगळं मोडीत काढलेलं. मुळात ‘दिसणं’ म्हणजे काय? वरवरचं काम आपल्याला जमत नाही. नुसता निकाल नको, ग्रंथच लिहू. अगदी उगमापासून.
आमची हिंदा म्हणते, अहो, तळं चार पावलांवर आहे, जाऊन बघा की एकदा! हिला शास्त्रातलं काय कळतंय. आधी ग्रंथ, मग तळं.

५ तेवेत
तळ्यावर बर्फ. काठ कुठे संपतो नि पाणी कुठे सुरू होतं, कळणार कसं? बरंच झालं, उगाच घाई झाली असती. विल्न्याहून आणखी एक पेटी ग्रंथ मागवले.
गेनेंदल दारात उभी. तिला तिसरं प्रकरण वाचून दाखवलं. रडली. विषयच काळजाला हात घालणारा.

२ निसान, पहाटे
बर्फ वितळला. गुडघा दुखतोय. त्यात सणाची साफसफाई.
खरं म्हणजे झोप लागत नाही. तिला मोकळं केलं आणि तिचा नवरा जिवंत परत आला तर? दुसऱ्या लग्नाच्या पोरांच्या कपाळी कायमचा डाग, तोही माझ्या सहीने. भीती वाटते. पण मी थांबलोय ते तिच्यासाठीच. हो, तिच्यासाठीच.

२० इयार
पेटी आली. पहिल्याच ग्रंथात उलटं मत! पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. गेनेंदल हल्ली येत नाही. समजूतदार बाई.

१७ सिवान, संध्याकाळ
हिंदाने आज हाताला धरून तळ्यावर नेलं. उभा राहिलो. चारही काठ दिसले. पलीकडे गाय चरत होती, तिचं शेपूटसुद्धा दिसलं.
घरी येऊन दोन ओळींत निकाल लिहिला आणि धावतच गेनेंदलकडे गेलो. वाचून दाखवला. ती म्हणाली, रब्बीसाहेब, त्याने फार वाट पाहिली हो. मंगळवारी लग्न झालं त्याचं.
तो विधुर म्हणजे कोण, हे मी तिला आज पहिल्यांदा विचारलं.
श्मार्या गाडीवान, ती म्हणाली. तुम्हीच तर लावलंत त्याचं लग्न.